मास्तरांनी न ठेवलेलं नाव

पाळणा पाच वाजता परत द्यायचा होता, आणि चार वाजून गेले तरी त्यात घालायच्या मुलीचं नाव ठरलेलं नव्हतं.

पाळणा शेजारच्या बाळ सारंगांनी आणलेला. म्हणजे त्यांचाही नव्हे, स्टुडिओचा. बाळ सारंग गोरेगावच्या एका स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळत. सिंहासनं, गदा, मुकुट, पुठ्ठ्याचे खांब, सगळं त्यांच्या ताब्यात. "मास्तर, भाड्याचा लोखंडी पाळणा कसला टांगताय नातीला? मी आणतो की! कितीतरी कृष्ण झोपून गेलेत त्यात," असं म्हणून त्यांनी सकाळीच टेम्पोतून तो आणला होता. दोन्ही बाजूंना मोर, वर कमळ, आणि सगळ्यावर सोनेरी रंग. हात लावला की बोटं सोन्याची होत. उद्या सकाळी स्टुडिओत आणखी एक कृष्ण जन्माला यायचा होता, त्यामुळे टेम्पो पाचला म्हणजे पाचला येणार होता.

जयवंत मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत नवा सदरा घालून बसले होते. बोटं सोन्याची झालेली आणि तोंड घट्ट मिटलेलं.

मिटलेल्या तोंडाचे मास्तर वसाहतीनं आजवर पाहिले नव्हते. मागल्या वर्षी, पंच्याऐंशीत, ते पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना त्यांनी 'निवृत्ती' या शब्दाचा अर्थ सांगायला घेतला आणि चहा गार झाला. नावं हा तर त्यांचा प्रांत. वसाहतीत कुणाकडे मूल झालं की बाप पेढ्याच्या पुड्यासह मास्तरांच्या दारात उभा. मास्तर चष्मा पुसत, छताकडे बघत आणि विचारत, "साधं हवं की आगळं?" साधं कुणालाच नको असे. मग ते एक आगळं नाव काढून देत, वर त्याचा अर्थ, उगम आणि ते कुणाकुणाचं होतं, हे सगळं फुकट.

फक्त एक घोटाळा होई. मास्तरांनी दिलेलं आगळं नाव आगळं राहत नसे. सावंतांच्या मुलीला त्यांनी 'ऋतुजा' दिलं, तेव्हा सगळ्या वसाहतीत ते नाव नवं होतं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की आता संध्याकाळी मैदानाकडे तोंड करून कुणी "ऋतुजाऽ, घरी ये" म्हणून हाक मारली की लगोरीचा डाव मोडे. मोठी ऋतुजा, घाऱ्या डोळ्यांची ऋतुजा, मागच्या चाळीतली ऋतुजा आणि नुसती ऋतुजा, अशी त्यांची वर्गवारी करायची वेळ आली होती. मास्तर या गोष्टीची तक्रार करत, पण तक्रार करताना त्यांची छाती जरा फुगलेली असे.

एकच नाव त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. पहिली मुलगी झाली तेव्हा ते त्यांनी ठरवलं होतं. पण तेंडोलकरांच्या घरात नाव घरातला वडीलधारा पुरुष ठरवी आणि आत्या ते फक्त बाळाच्या कानात सांगे. तेव्हा वडीलधारे होते मास्तरांचे वडील दत्ताराम. ते गिरणीतून पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले, म्हणाले, "सुलक्षणा," आणि जेवायला बसले. विषय संपला. नंतर मुलगा झाला, श्यामसुंदर. त्यामुळे मास्तरांचं ते नाव मनातच राहिलं, ट्रंकेत तळाशी ठेवलेल्या शालूसारखं. नातीला द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि आता नात झाली होती, मास्तर घरातले वडीलधारे होते, आणि ते नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं.

त्याला कारण मास्तर स्वतःच होते.

मुलगी सातव्या महिन्यातच झाली. अंधेरीच्या हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि पहिल्या रात्री डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजची रात्र जाऊ दे, मग बोलू." बायको देव पाण्यात घालायला घरी गेली. मुलगा डॉक्टरीणबाईंच्या मागेमागे फिरत होता. मास्तर पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ एकटेच उभे राहिले. जन्मभर त्यांनी वर्गात नवसाची टिंगल केली होती. "देव काय लाच घेतो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि "नाही गुरुजीऽ" हे वर्गाचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे नवस कसा बोलतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नाइलाजानं त्यांनी देवाशी अर्जाच्या भाषेत सुरुवात केली. "महोदय," ते नळाकडे बघत पुटपुटले, "विनंती विशेष अशी की, ही मुलगी वाचावी." मग द्यायचं काय, हा प्रश्न आला. नारळ, पेढे, अभिषेक, यातलं काही देण्याचा त्यांना अधिकार वाटेना. आपलं स्वतःचं असं काय आहे? खूप शोधल्यावर एकच गोष्ट सापडली. "हिचं नाव मी ठेवणार नाही," ते म्हणाले. "कळावे."

मुलगी वाचली. मास्तरांची मोठीच पंचाईत झाली.

आता सांगणार कुणाला? विज्ञानाच्या तासाला मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून दाखवणारे मास्तर नळाला नवस बोलले, हे कळलं असतं तर सबंध वसाहत हसली असती. आणि ते स्वतः त्यात सर्वांत आधी हसले असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मास्तर, आता निकाल द्या तुम्ही," मुलुंडहून आलेल्या विहीणबाई वनमालाबाई म्हणाल्या. त्या पाळण्याशेजारी सतरंजीवर ऐसपैस बसल्या होत्या. "आमच्या ज्योतिषांनी 'फ' अक्षर काढून दिलंय. नक्षत्रच तसं आहे, त्याला मी काय करू? फाल्गुनी ठेवा. चांगलं भारदस्त आहे."

"फ!" श्यामसुंदर उठून उभाच राहिला. एमआयडीसीतल्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, पण घरात कुणी त्याला बोलू देत नसे, त्यामुळे संधी मिळाली की तो उभा राही. "फ वरून फ्रेनी! मी डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय. त्यांनी वाचवली पोरीला. त्यांचंच नाव ठेवायचं."

"फ्रेनी तेंडोलकर?" त्याची बहीण सुलक्षणा म्हणाली. "श्याम, यार, बेकरी काढतोयस की मुलगी वाढवतोयस?"

"त्यांनी मला सांगितलंय," मुलीला मांडीवर घेऊन बसलेली रतन हळूच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला आवर म्हणून. म्हणाल्या, माझ्या नावाच्या पोरी विरारपर्यंत झाल्यात, पण एकीचीही आई लस टोचायला वेळेवर येत नाही. नाव नको ठेवूस, तारखा पाळ."

श्यामसुंदर खाली बसला.

"मग फाल्गुनी," वनमालाबाई म्हणाल्या.

"सातेरी," सुलक्षणा म्हणाली.

हे ती दुपारपासून म्हणत होती. बोरिवलीहून आली तीच हे नाव घेऊन. भाची झाली तेव्हा ती सासरच्या माणसांबरोबर वेंगुर्ल्याकडे गावी जत्रेला गेली होती. पोस्टात फोन आला, आणि ती तशीच अनवाणी देवळात धावली. गुरवाकडून तिनं गाऱ्हाणं घालून घेतलं, "पोर जगूं दे, तुझाच नाव ठेवतलंव." आता आत्याचा मान, आणि त्यातून देवीला दिलेला शब्द. तिला वाटलं होतं, प्रश्नच येणार नाही.

"अगं, देवीचं नाव कुणी ठेवतं का असं?" तिची आई रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. घुगऱ्यांचं पातेलं तिच्या हातात होतं. "गावात तरी आहे का एकीचं? नाही ना? कशाला नाही, विचार कर. उद्या पोरगी दूध सांडणार, भिंतीवर रेघोट्या मारणार. मग काय म्हणू? 'सातेरे, थांब, पाठ सोलते तुझी'? गावाकडे कळलं तर देवी माझीच पाठ सोलेल."

"लक्ष्मीला म्हणतेसच की," सुलक्षणा म्हणाली. "तळमजल्यावरच्या लक्ष्मीला सकाळी नळावर काय काय बोललीस, सगळ्या चाळीनं ऐकलं."

"ती लक्ष्मी वेगळी."

"आणि सातेरी म्हणजे वारूळ ना?" वनमालाबाईंनी नाक मुरडलं. "मुंग्यांचं घर. आमच्या मुलुंडात काय सांगू मी? नातीचं नाव काय, तर वारूळ?"

अशा रीतीनं दोन्ही विहिणी एका बाजूला झाल्या. लग्नात मानपानावरून बिनसल्यापासून त्या दोघी एका बाजूला अशा पहिल्यांदाच आल्या होत्या. श्यामसुंदर कुठल्याच बाजूला नव्हता. रतनला कुणी विचारलं नव्हतं. आणि सुलक्षणा एकटी पडली होती.

तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी बोला."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात एक म्हैस उभी होती. तिनंही मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्हाला पसंत नाही ना?" सुलक्षणाचा आवाज बारीक झाला. "सगळ्या वसाहतीला नावं दिलीत. चुलत भावांच्या मुलांच्या बारशाला मी आत्या होते, पण नावं तुम्हीच दिलीत, मी नुसती पोपटासारखी कानात बोलले. पाठीत धपाटे तेवढे माझ्या. मी कधी काही म्हटलं का? आज पहिल्यांदा माझं म्हणून एक नाव आणलं, तर तुम्ही तोंडसुद्धा उघडत नाही. निदान चूक आहे म्हणा. लाल शाईनं काट मारा. तेवढं तर येतं तुम्हाला!"

मास्तर मनात हिशेब मांडू लागले. 'छान आहे' म्हणावं, तर ते नाव ठेवणं झालं का? नवसाची हद्द नेमकी कुठपर्यंत? अर्जात त्यांनी ते स्पष्ट केलं नव्हतं. परीक्षेतले मोघम प्रश्न त्यांना कधीच आवडले नव्हते, आणि आता स्वतःच एक मोघम प्रश्न काढून ते त्याखाली बसले होते. ते उठले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले.

रत्नप्रभा त्यांच्या मागोमाग आत आली आणि तिनं दार लोटलं. रागावली की ती मालवणीत शिरे, आणि फार माया आली तरीही. आता यातलं कुठलं, हे मास्तरांना कळेना.

"तुमका काय झालासा? चेडवाच्या, सुलेच्या डोळ्यांत पाणी इला, दिसत नाय?"

"दिसतंय."

"मगे बोलाक काय धाड भरली?"

"मला नाही बोलता येत, रत्ना."

"जन्मात पयल्यांदा," ती म्हणाली. मग तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं, आणि बराच वेळ त्यांच्या सोनेरी बोटांकडे बघत राहिली. एकदम तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. "म्हणजे तुम्ही ता खरोखर पाळतंत?"

"काय?"

"हॉस्पिटलातला. नळाकडचा. मी अर्ध्या वाटेवरसून तुमका पिशवी देवक मागे इल्लंय. 'महोदय' म्हणालंत तेव्हा वाटला, साहेब कोण उभो आसा. बघलंय तर नळ!" तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मास्तरांना वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि थोडी रडतही होती. "'कळावे' म्हणालंत! देवाक!"

मास्तर भिंतीला टेकले. "तू ऐकलंस? आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"वाटला, विसारतलंत. मास्तरांचो नवस तो. पेढ्याचो पुडो बघलो काय नाव भायर येतला." तिनं डोळे पुसले. "आता नाव मनात आसा मा? तुमचा?"

"आहे."

"चांगला आसा?"

"फार चांगलं आहे," मास्तर म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले.

"मगे ऱ्हवांदे थयच, मनात," रत्नप्रभा म्हणाली. तिनं पातेलं उचललं आणि दार उघडलं.

ती बाहेर आली ती वेगळीच होऊन. "ऐका गं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हे काही बोलणार नाहीत. मीच सांगितलंय, आज आत्याचा मान आहे, तुम्ही मध्ये पडू नका. तेव्हा त्यांना कुणी विचारायचं नाही."

"अहो, पण मघाशी तुम्ही माझ्या बाजूनं—" वनमालाबाई चकित झाल्या.

"बाजूनंच आहे, विहीणबाई. पत्रिकेत फाल्गुनी घाला, ज्योतिषांचं अक्षर राहील. पण पाळण्यात आत्या सांगेल ते."

"वारूळ?" वनमालाबाई म्हणाल्या. "मुंग्यांचं?"

मास्तर खुर्चीकडे चालले होते ते थांबले. माणूस नवस पाळू शकतो, उपास करू शकतो, पण चुकीची माहिती कानांवर पडल्यावर गप्प बसणं हे मास्तरांच्या शक्तीबाहेरचं होतं.

"मुंग्यांचं नव्हे," ते म्हणाले.

सगळे वळले. मास्तरांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. नाव ठेवायचं नाही, माहिती सांगायला कुणाची ना आहे?

दाराशी पेढ्यांच्या आशेनं वसाहतीतली पोरं बसली होती. मास्तर त्यांच्याकडे वळले. मोठ्यांना शिकवण्याच्या भानगडीत ते सहसा पडत नसत. "काय रे पोरांनो, वारूळ कोण बांधतं?"

"साप!" घाऱ्या डोळ्यांची ऋतुजा म्हणाली.

"सापाला हात आहेत?"

"नाही."

"मग कसं बांधेल? सापाबद्दल म्हण काय आहे आपल्यात? आयत्या बिळावर..."

"नागोबाऽ!" सगळी पोरं ओरडली. पाळण्याचे मोरसुद्धा थरथरले.

"शाबास. साप आयता येतो. मुंग्याही बऱ्याचदा आयत्याच येतात. बांधते वाळवी."

"वाळवी?" वनमालाबाई जवळजवळ किंचाळल्या. "आमच्या कपाटाला लागली होती ती? अहो, हे तर त्याहून वाईट!"

मास्तरांनी सुलक्षणाकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला होता. आपण मदत करायला गेलो आणि पोरीची वाट लावली, हे त्यांच्या ध्यानात आलं. आयुष्यातल्या बऱ्याच मदतींचं त्यांच्या हातून असंच झालं होतं. पण धडा अर्ध्यावर सोडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"थांबा. देवी म्हणजे वाळवी नव्हे. वाळवी कुणाला दिसते? ती आत, अंधारात. बाहेरून आपल्याला काय दिसतं?"

"माती," मोठी ऋतुजा म्हणाली.

"माती. काल रान सपाट होतं. आज बघावं तर माती वीतभर वर आलेली. पाऊस पडला, ढासळली, पुन्हा वर आली. कुदळ नाही, फावडं नाही, कुणा माणसाचा हात लागलेला नाही. शेत करणारी माणसं ती. मातीवर जगायची. त्यांना वाटलं, ही जमीनच उठून बसली आपल्याला भेटायला. मग त्यांनी तिच्याभोवती भिंती घातल्या, वर छप्पर घातलं, तिला लुगडं नेसवलं. ती सातेरी. गोव्यात सांतेरी म्हणतात. नाव कुठून आलं, यावर जाणत्यांत भांडणं आहेत. एक एक सांगतो, दुसरा दुसरं. मला विचाराल तर..." मास्तर थांबले. हे शब्द त्यांच्या तोंडातून फार कष्टानं निघाले. "मला माहीत नाही."

"आणि आजोबा, ती अजून वाढते?" नुसत्या ऋतुजानं विचारलं.

"देवळातली? लोक म्हणतात, हळूहळू वाढते."

"कुणी हात न लावता?"

हे पोरांपैकी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं रतननं. दुपारपासून तिच्या मांडीवरच्या मुलीबद्दल सगळे बोलत होते, आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले. "हात न लावता."

"मला हात लावू देत नव्हते," रतन म्हणाली. "दीड महिना. काचेच्या बाहेर स्टूल टाकून बसायचे मी. नुसती बघायचे. पहिल्यांदा तर ती इतकीशी होती की, टॉवेलात आहे की नाही हेच कळायचं नाही. आणि रोज... रोज एवढी एवढी वाढायची. कुणाचा हात न लागता. नर्स म्हणायची, बघ, आज गाल आलेत." तिनं मुलीचं पाऊल हातात धरलं. "हिच्या पायाला पट्टी होती, 'रतनची मुलगी' लिहिलेली. इतके दिवस माझंच नाव बांधून राहिली बिचारी. आता तिला तिचं द्या, वन्सं. सातेरीच द्या."

मग वनमालाबाईंनी नाक ओढलं. "पत्रिकेत मात्र फाल्गुनी हं," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या मांडीवरून नातीला उचलून त्यांनीच पाळण्याकडे नेली.

खालून टेम्पोचा भोंगा वाजला. "आला! आला!" बाळ सारंग दारातून ओरडले. "आटपा, वहिनी, स्टुडिओचा डायवर आहे, थांबायचा नाही!"

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. गोविंद-गोपाळाची देवघेव पाळण्याच्या खालून-वरून इतक्या घाईत झाली की एकदा मुलगी दोन्हीकडून 'घ्या' म्हणूनच निघाली आणि घ्यायला कुणीच नव्हतं. श्यामसुंदरनं झडप घालून धरली, आणि त्या दिवशी त्याचं पहिल्यांदाच कौतुक झालं. सुलक्षणा पाळण्यात वाकली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रऽ," ती म्हणाली, आणि तिथेच अडकली. वाकलेलीच तिनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

मास्तरांच्या ओठांवर ते नाव आलं. अगदी ओठांवर. ट्रंकेच्या तळातून घडी न मोडता वर आलेलं, पस्तीस वर्षं जपलेलं. नुसता ओठांचा आकार केला असता तरी पुरलं असतं. पोरीनं ते उचललं असतं आणि जन्मभर कुणाला कळलं नसतं.

त्यांनी ओठ दातांखाली धरले, आणि सोनेरी बोटानं तिला खूण केली. 'तू म्हण.'

"सातेरी!" सुलक्षणा म्हणाली. इतक्या मोठ्यानं की, ते कानात सांगायचं असतं हे ती विसरलीच. मुलगी दचकून रडू लागली, आणि बायका सुलक्षणाच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या. पहिला रत्नप्रभेचा होता आणि सर्वांत सणसणीत होता.

पाळणा गेला. छताच्या कडीला नुसता दोर लोंबत राहिला आणि जमिनीवर सोनेरी भुगा. घुगऱ्या वाटल्या गेल्या. तळमजल्यावरच्या लक्ष्मीला सातवा महिना होता. ती जाता जाता मास्तरांच्या खुर्चीशी थांबली.

"मास्तर, काय झकास नाव काढलंत! आमची मुलगी झाली तर हेच ठेवणार बघा. आगळं आहे."

सवयीनं मास्तरांची छाती फुगू लागली. ती त्यांनी आवरली. "मी नाही काढलं," ते म्हणाले. "आत्यानं काढलंय. तिलाच विचारा. अर्थही तीच सांगेल."

सुलक्षणा ऐकत होती. येऊन वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि खुर्ची तेव्हासारखीच करकरली.

"बाबा, तुमच्या मनात कुठलं होतं?"

"कुठलंच नाही."

"खोटं. तुमच्या मनात नाव नाही, असं होईल कधी?"

"सुले," रत्नप्रभा आतून ओरडली, "घुगऱ्या दे वरच्या मजल्यावर, गार होतायत." आणि सुलक्षणा उठून गेली.

एकीनं नाव द्यायचा शब्द दिला होता, आणि एकानं न द्यायचा. दोन नवस, दोन गावं, आणि एकमेकांत इतके चपखल बसले होते, जणू कुणीतरी मध्ये उभं राहून दोघांचे अर्ज एकत्र टाचून मंजूर केले होते. योगायोग, मास्तर स्वतःला म्हणाले. निव्वळ योगायोग. वर्गात कुणी हे विचारलं असतं, तर त्यांनी फळ्यावर तसंच लिहून दिलं असतं. फक्त ते ऐकायला आता वर्ग नव्हता, आणि नळ काही बोलत नव्हता.

रतननं मुलगी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती हातपाय धुवायला गेली. बाहेर मैदानात पोरांनी नव्या नावाचा ताबा घेतला होता. लगोरी फोडताना कुणीतरी "सातेरीऽ" म्हणून आरोळी ठोकत होतं. वर्षभरात हाक मारली की किती वळतील कोण जाणे.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मास्तर वाकले. मुलीच्या कानाला बेसनाचा आणि दुधाचा वास होता.

"कुर्रऽ," ते म्हणाले.

मुलीनं डोळे उघडले आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. आजोबाही वाकलेलेच राहिले. मग त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं. गालावर सोन्याचा ठिपका उठला. पुढचं त्यांनी काही म्हटलं नाही.